पुसलेली नळी आणि शंभर टक्के स्नेह

आमच्या राष्ट्राध्यक्षांची आणि मित्रराष्ट्राच्या राष्ट्राध्यक्षांची मैत्री जनतेला आवडते की फार आवडते, एवढंच तपासायचं होतं. त्यासाठी राजधानीतल्या स्नेहमापन कचेरीनं ओवेलार साहेबांना नदीकाठच्या आमच्या पुएर्तो काल्मो गावी धाडलं. साहेबांबरोबर छापील तक्ते होते, आणि ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कचेरीचा शिक्का मारलेला एक दगडही होता.

झालं होतं असं. पाहुणे राष्ट्राध्यक्ष आले, दोघं वेताच्या खुर्च्यांवर बसले, आणि आमच्यांनी त्यांच्या हाती थंडगार तेरेरेचा, म्हणजे कुटलेल्या पाल्याच्या पेयाचा, शिंगाचा पेला दिला. पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढला, पेल्यातली ओढायची नळी खसाखसा पुसली आणि मग प्याले. साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे पेला एक, नळी एक, ती सगळ्यांच्या तोंडून फिरते. वैऱ्यानं दिली तरी माणूस ती पुसत नाही, कारण पुसणं म्हणजे तुझी मला किळस येते असं तोंडावर सांगणं. आमचे राष्ट्राध्यक्ष मात्र दात दाखवून हसले, आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्नावली छापायला गेली.

तिच्यातला चौथा प्रश्न महत्त्वाचा होता. 'पाहुण्यांनी नळी पुसल्याचे आपणांस (अ) दिसले नाही, (ब) दिसले व आवडले, (क) दिसले व भरून आले.'

मत एकेकाला बाजूला घेऊन, गुप्तपणे विचारावं असा नियम होता. पण आमचं गाव दुपारी धक्क्यावरच्या आंब्याखाली गोल करून बसतं. तोमासाबाई पाला कुटते, पेला भरते आणि प्रत्येकाला देते. साहेबांनी त्याच गोलात मतं घेतली. पेला फिरला तसं मतही फिरलं.

"'क' लिहा साहेब," सिरिलो न्हावी म्हणाला. "हमसून हमसून रडलो मी. बायकोला विचारा."

मग काय, सगळ्यांनी री ओढली. मीही ओढली, खोटं कशाला बोलू? धक्क्यावरच्या वजनकाट्याचा मी कारकून, आणि गावाचे अर्ज लिहायचं कामही माझंच. दवाखान्याच्या होडीचं इंजिन चौदा महिने बंद होतं. इस्पितळ नदीच्या खालच्या अंगाला, पोर्तोन गावी. वल्ह्यांनी चार तास. तोमासाबाईच्या सुनेचं, निल्साचं, पहिलं बाळ त्या चार तासांतच गेलं होतं. आता तिला पुन्हा आठवा महिना होता. आणि साहेब मघाशीच म्हणाले होते, "इंजिनाचा कागद आमच्याच कचेरीवरून जातो बरं का. गावाचं मत चांगलं हवं."

शेवटी तोमासाबाईची पाळी आली.

"पुसली," ती म्हणाली. "माझ्या दारात पुसली असती तर हातातला पेला काढून घेतला असता."

"बाई, असा रकाना नाही."

"मग आखा की! कागद तुमचा, पेन तुमचं, दगडसुद्धा तुमचा."

एक्केचाळिसांपैकी चाळीस 'क'. पंधरा दिवसांत कचेरीचं उत्तर आलं: 'आपल्या गावाचा स्नेह ९७.६ टक्के भरला. उर्वरित २.४ टक्के ही मोजणीतील चूक असून ती गावाने दुरुस्त करून पाठवावी.'

चूक दुरुस्त करायला गावानं मला पाठवलं. बाई अंगणात पाला कुटत होती.

"मावशी, एका खुणेनं तुमचं काय झिजतं? निल्साकडे तरी बघा."

"तू पाहिलंस का रे ते, टीव्हीवर?"

"पाहिलं."

"मग?"

"इंजिन, मावशी."

ती बराच वेळ कुटत राहिली. मग हात पदराला पुसून तिनं 'क'वर अंगठा उठवला. मला अगदी हायसं वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

स्नेह शंभर टक्के झाला. इंजिनाच्या अर्जाचंही उत्तर आलं. 'ज्या गावाचे समाधान शंभर टक्के आहे, त्या गावास तक्रार असणे संभवत नाही. सबब आपला अर्ज समाधानपूर्वक निकाली काढण्यात येत आहे.' बक्षीस म्हणून मात्र दवाखान्याची होडी रंगवून देण्यात आली. एका बाजूला आमचे राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या बाजूला त्यांचे, आणि पुढच्या टोकाला दोघांचे हात हातात. इंजिनाच्या जागी फुलांची कुंडी.

लोकार्पणाला ओवेलार साहेब स्वतः आले. तोमासाबाईनं पहिला पेला त्यांना दिला. साहेबांनी रुमाल काढला, नळी पुसली. टाळ्या! नंतर पेला सिरिलोकडे आला. त्यानं हजामतीच्या टॉवेलनं पुसली. मग माझ्याकडे आला. मी बाहीनं पुसली. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

तेवढ्यात तिथं धक्क्यावरच निल्साला कळा सुरू झाल्या.

"होडी सोडा!" बाई ओरडली. "वल्ह्यांवर दोघं बसा!"

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले. "रंग ओला आहे. पाणी उडालं तर दोन्ही मान्यवरांचे चेहरे खराब होतील. मित्रराष्ट्र काय म्हणेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एकही जागचा हलला नाही. मूग गिळायला आम्हांला आता सरावच झाला होता.

साठीच्या त्या बाईनं सुनेला होडीत निजवलं, कुंडी पाण्यात फेकली आणि स्वतः वल्ही धरली. पहिल्याच फटक्याला पाहुण्यांच्या गालावरून रंग ओघळला. साहेबांनी खूण केली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

होडी वळणापलीकडे गेली तरी वल्ह्यांचा आवाज येत होता. साहेबांनी दगडाखालचा नवा तक्ता काढला: 'एका महिलेने नौका वल्हवत नेल्याचे आपणांस...' रकाने तेच तीन: दिसले नाही, आवडले, भरून आले. आम्ही चाळीसजण सही करून मोकळे झालो.

एक्केचाळिसावी जागा रिकामी आहे. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे 'अ' तर तुम्हांला लिहिता यायचं नाही. आणि होडी अजून पोर्तोनला पोचलेली नाही. बोला, काय लिहू?