हिरव्या दर्याची आणि चांगुणा नाखविणीची हकीकत

श्री. ज्याचा ठाव लागत नाही त्या उदंड जळास दंडवत घालून लिहिणे ऐसे की, शके सोळाशे एकुणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी, दर्याकिनारी एक राज्य नांदत होते, आणि तेथील कोळीवाड्यात चांगुणा नाखवीण राहत असे. तिचा पुत्र धर्मा गतवर्षी होडीसुद्धा दर्यात गडप जाहला, आणि देह हाती लागल्यावाचून सुतक धरू नये ऐसा वाड्याचा रिवाज, म्हणोन सून पोशी सवाष्णच राहिली आणि चांगुणा नित्य किनारी जाऊन वाट पाहे. लोक म्हणत, बाईस वेड लागले. वेड कसले, आईचे काळीज ते! मग वारा उठला, बहुत दिवस किनाऱ्याच्या कडेकडेने वाहिला, आणि पाणी विहिरीसारखे गार पडले, हिरवेगार जाहले, आणि मासळी ऐसी लोटली की जाळी फाटली, पाखरांनी आभाळ झाकले. महाराज स्वतः पाहावयास आले आणि पदरीचे विसोबाशास्त्री यांस पुसते जाहले, "दर्या एवढा अफाट, आणि मासळीचा दरबार याच जागी का भरला?"

शास्त्रीबोवा उपरणे सावरून बोलले, "महाराज, वाऱ्याने वरचे पाणी बाहेर हाकलिले, गादी रिकामी पडली, म्हणोन तळचे थंड पाणी वर चढले. दर्यात जे मरते ते तळी जाते, कुजते, विरघळते. ते सत्त्व वर आले, त्यास ऊन लागले, आणि डोळ्यांस न दिसे ऐसे बारीक हिरवे रान माजले. ते बारके जीव खातात, त्यांस तारली, तारलीस सुरमई." दरबारी वाहवा करू लागले, आणि मग चांगुणा गर्दीतून पुढे जाहली.

"शास्त्रीबाबा, तलाला गेलेला मानूस बी वर येल का?"

शास्त्री विद्वान खरे, परंतु कोणापुढे काय बोलावे याचा पोच नाही. म्हणाले, "माणूस कोठला, बाई! वर्षात त्याचे पाणीच होते. हे हिरवे दिसते ना, त्यातच आला समज."

बाई पाण्याकडे पाहत राहिली, आणि मग घरी आली.

"पोशे, धर्मा आला गो."

पोशी चुलीपुढून उठली ती धावत दारात गेली. रस्ता रिकामा. मागे वळली तों सासू रडत होती, आणि तिने सुनेचा हात हाती घेऊन एकेक कांकण उतरविले.

सारांश, त्या साली दर्याने अवघ्या राज्यास पोटभर दिले, घरोघर मासळी शिजली, आणि नाखविणीच्या घरी चूल पेटली नाही. जाहले ते ऐसे.