तावडे आणि पाऱ्याचा रकाना

तावडे मासळीचा भाव विचारत नाहीत, वय विचारतात. लालबागच्या बाजारात मोठी सुरमई दिसली की वाकून ती वितीने मोजतात आणि मान हलवतात. "म्हातारी आहे." कोळीण एकदा भडकली. "ओ काका, मासा खायचाय की सोयरीक जुळवायचीय?"

तावडे करी रोडला आमच्याच मजल्यावर राहतात. एका औष्णिक वीज केंद्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. कोळशात पारा असतो. कोळसा जळला की तो धुराड्यातून बाहेर पडतो, पाण्यात उतरतो, लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. म्हणून मांदेली आणि बोंबील खावेत. कुणी काहीही सांगितलं, अगदी 'आज फार उकडतंय' एवढंही, तरी त्यांचा प्रश्न ठरलेला : "मोजलंत का?"

ते कुठे बसत नाहीत. बोलताना गॅलरीत फेऱ्या घालतात. ऐकणाऱ्याने सोबत चालायचं.

वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाऱ्याबद्दल सरकारने नियमांचा नवा मसुदा काढला आणि लोकांच्या हरकती मागवल्या. तावड्यांनी बेचाळीस पानं लिहिली. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, म्हणून ती माझ्याकडे आली. मी त्यांची तीन केली. मुख्य मागणी एकच होती : पारा मोजला नसेल तर अहवालाच्या रकान्यात तसं लिहावं, 'निरंक' लिहू देऊ नये.

"निरंक म्हणजे नाही," ते चालता चालता म्हणाले. "न मोजलेलं म्हणजे ठाऊक नाही. फरक आहे की नाही?"

"आहे. पण असं लिहितात याला पुरावा काय? त्याशिवाय हे कोण वाचणार?"

त्यांच्या फेऱ्या वाढल्या. मुदत शुक्रवारी संपत होती.

बुधवारी दुपारी तावडे परबकाकूंच्या दारात दिसले. काकूंची सून सायली गरोदर आहे, आणि तिला डोहाळे सुरमईचे. तावडे बोंबलांच्या कालवणाचा डबा पुढे करून तळलेल्या सुरमईचं ताट मागत होते.

"दर बुधवारचो ह्योच धंदो," काकू मला म्हणाल्या. "पोरीच्या तोंडातलो घास नेतत आणि सोता मिटक्या मारीत खातत."

"माझं आता काय व्हायचंय?" तावडे म्हणाले.

सायली हसली. "पण काका, आमच्या ह्यांच्या वेळी आईंनी सुरमईच खाल्ली होती ना? तेव्हा पारा नव्हता?"

तावड्यांचा हात ताटावर थांबला.

"होता," ते म्हणाले. "रकान्यात नव्हता."

गुरुवारी सकाळी त्यांनी तिसरं पान परत आणलं. तळाशी हाताने लिहिलेली एक ओळ होती : 'आमच्या केंद्रात पारा मोजायचं यंत्र नव्हतं, तरी दर महिन्याच्या अहवालात पाऱ्यापुढे निरंक असं मीच लिहीत होतो, सही माझी आहे.'

"साहेबांच्या सांगण्यावरून, असं घालू?" मी विचारलं.

"नको. पेन माझ्या हातात होतं."

"चौकशी लागेल, तावडे."

"लागू दे. बाकीचं हवं तेवढं कापा. ही ओळ कापू नका."

मी पान पुन्हा वाचायला घेतलं. वाचून होईपर्यंत ते समोरच्या खुर्चीत बसून होते.