काचेच्या राज्याचे तोंड फिरविले त्याची हकीकत

श्रीचे स्मरण करून, आणि जे पाणी लहानथोर सर्वांस सारखे वागविते त्यास नमस्कार करून, घडले ते लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या राज्यात कोणी क्रोध केला नाही. राज्य काचेच्या टाकीतले, दोन हात लांब, आत पाणी, वाळू, वनस्पती आणि गप्पी माशांची रयत. दिवाणखाना आणि मुदपाकखाना यांमधील भिंत अर्धी पाडून कट्टा केला होता, त्यावर हे राज्य वसले, आणि दोन्ही अंगांनी काच उघडी होती. वसविले राणीसाहेब प्रमिलाबाईंनी. एकेक रोप त्यांनी आपल्या हाते लाविले, आणि मागील चैत्रात त्या कैलासवासी जाहल्या. मग राज्याचा भार त्यांचे यजमान मुरलीधरराव यांजवर आला. रावांस माशांस दाणे घालणे इतकेच ठाऊक. ते घालीत, आणि दिवाणखान्यातील आपल्या खुर्चीवर बसून पाहात. तेथून लांब पात्यांच्या गवताचे दाट रान तेवढे दिसे, आणि मासे त्यापलीकडे असत. बाई असता रावांनी एकदा विचारिलेही होते, "हे गवत पुढं कशाला लावलंस? काही दिसत नाही." बाई ओट्याशी कणीक मळीत होत्या. म्हणाल्या, "दिसतं की." राव वर्तमानपत्र वाचीत होते, म्हणोन पुढे विचारिले नाही.

मग बाईंचे बंधू शरदराव भेटीस आले. त्यांचे घरी याहून मोठे जलराज्य, आणि त्या विद्येत ते जाणते. चहा घेता घेता टाकीकडे पाहून बोलिले, "दाजी, ताईला सगळं यायचं, पण हे उलटं झालंय. बुटकं पुढं, उंच मागं. आणि दगड बरोब्बर मध्ये नको, जरा बाजूला. हा पहिला नियम."

"तिनं लावलंय ते."

"म्हणून रान माजू द्यायचं?"

राव उठून काचेशी गेले. गवत मेले तर बाईंच्या हातचे वाढते असे घरात दुसरे काही उरत नव्हते. मग म्हणाले, "मुळं तुटतील का?"

"मी धरतो ना. तुम्ही बादली आणा."

मग रयत बादलीत उतरविली, आणि गवत हलक्या हाते उपटून मुदपाकखान्याचे अंगास नेऊन लाविले, आणि बुटकी रोपे दिवाणखान्याकडे आणिली, आणि काळा दगड एका बाजूस सारिला, आणि वाळूस मागे चढ दिला. पाणी निवळले तेव्हा खुर्चीवरून मोठी शोभा दिसली. मासे पुढे आले. राव "छान" म्हणाले, आणि ते खरेच छान होते.

परंतु थोडक्याच दिवसांत गवताची पाती काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळू लागली. रावांस अन्न गोड लागेना. शरदरावांस फोन केला, तेव्हा ते बोलिले, "जागा बदलली की रुसतं ते. मुळं धरली की फुटेल. पण आता पुन्हा उपटू नका, दाजी, मग मात्र मरेल." आता गवत मुदपाकखान्याचे अंगास होते, म्हणोन कोंब पाहावयास राव रोज तिकडे जाऊ लागले. बाई गेल्यापासून डबा येई, त्यामुळे ओट्याशी उभे राहण्याचे कारण पडले नव्हते. एके सकाळी तेथे वाकून पाहता त्यांस उमजले की, उंच गवत आपल्या तोंडासमोर आहे आणि सारे राज्य पाठ करून बसले आहे. पूर्वी येथून पाहता बुटके पुढे होते, उंच मागे होते. राणीसाहेबांनी नियम मोडिला नव्हता. त्या जेथे उभ्या राहात, तेथे राज्याचे तोंड होते. आणि विरळ पात्यांतून पलीकडे दिवाणखाना दिसत होता, त्यात रावांची खुर्ची होती, खुर्चीवर घडी घातलेले वर्तमानपत्र होते. राव तेथे बराच वेळ उभे राहिले. डबेवाल्याने दोनदा घंटी वाजविली.

गवतास हिरवे कोंब आले तेव्हा रावांनी मेहुण्यांस बोलाविले. "गवत हलवायचं नाही. टाकीच फिरवायची."

"अहो दाजी, मग हॉलमधून पुन्हा रानच दिसणार. पाहुण्यांनी काय बघायचं?"

"पाहुणे पोहे खायला येतात."

"आणि तुम्ही?"

"मी आत बसेन. स्टूल आहे."

शरदरावांनी त्यांचे तोंडाकडे पाहिले, मग ओट्याकडे पाहिले, आणि बाह्या वर केल्या. रयत पुन्हा बादलीत उतरविली, पाणी उपसून वाळू ओली तेवढी ठेविली, कारण वजनाने काच जावयाची, आणि दोघांनी दोहों बाजूंस हात घालून अर्धी प्रदक्षिणा केली. एक रोप हलले नाही.

येणेप्रमाणे राज्याचे तोंड पूर्वस्थळी आले. शरदरावांची मांडणी कायम राहिली, गवत हातभर वाढले, आणि रयतेस पिले जाहली. डबा बंद होऊन मुदपाकखान्यात रोज काही ना काही शिजते. भाकरी अद्याप फुगत नाही. शरदराव येतात ते रावांच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसतात, आणि राव आत स्टुलावर मटार सोलितात. एकदा बाहेरून विचारणा जाहली, "दाजी, तिथून दिसतं का काही?"

रावांनी पात्यांतून खुर्चीकडे पाहिले, आणि म्हणाले, "दिसतं की." इतके घडले, तितके लिहिले.