किनाऱ्यावरची किमान बारा कुटुंबं

ज्याच्यावर अभ्यास चालू आहे त्याने अभ्यास संपेपर्यंत जागेवरून हलू नये, हा सर्व ज्ञानाचा पाया आहे. खडक हा नियम पाळतात. बरणीतले बेडूकही पाळतात. किनाऱ्यावर राहणारी माणसं मात्र याबाबतीत कमालीची बेजबाबदार निघाली आणि त्यांच्यापायी तगोबाचा जीव टांगणीला लागला.

तगोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ‘किनारी समुदायांची तगक्षमता व तद्विषयक धोरणे’ या विषयावर तो शिष्यवृत्ती घेऊन डॉक्टरेट करत होता. दारोदार जाऊन तो “तुमची तगक्षमता कशी आहे?” असं विचारायचा, म्हणून वस्तीनेच त्याचं हे बारसं केलं. (तगक्षमता म्हणजे संकट कोसळल्यावर माणसाने कुरकुर न करता तिथेच राहणे. ही व्याख्या ज्या समितीने केली, तिचं कार्यालय सातव्या मजल्यावर आहे.)

शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला अट एकच होती. किनाऱ्यावर किमान बारा कुटुंबं हवीत. नाहीतर अभ्यास बंद, आणि घरी आईने तर सगळ्या नातेवाइकांना ‘आमचा डॉक्टर’ असं सांगून टाकलेलं. सुरुवातीला कुटुंबं भरपूर होती. पण भरतीचं पाणी पायऱ्या चढू लागलं तशी ती एकेक करून टेकडीवर राहायला जाऊ लागली. प्रश्नावलीत ‘आपण पुढे काय करणार?’ असा प्रश्न होता, त्याचं उत्तरसुद्धा न लिहिता.

“अहो, तुम्ही गेलात तर तुमची तगक्षमता मोजायची कशी?” तगोबाने सुताराला विचारलं.

“वर येऊन मोज की. चहापण मिळेल.”

टेकडीवरची तगक्षमता हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळी शिष्यवृत्ती लागते, हे तगोबाने त्याला नीट समजावलं. सुताराला ते पूर्ण पटलं आणि तो गाडीत कपाट चढवू लागला.

शेवटी उरल्या एकट्या मावशी. तगोबा त्यांच्याच माडीवर भाड्याने राहायचा. लेकीने टेकडीवर खोली तयार ठेवली होती, मावशींचे गुडघे ओलीने आखडले होते, पण त्या हलेनात. “पोराचं शिक्षण अर्धं टाकून कशी जाऊ?” असं त्या लेकीला सांगायच्या. हे ऐकून तगोबाला भरून यायचं. मग तो त्यांचे गुडघे शेकून द्यायचा आणि अहवालात ‘तग: उत्कृष्ट’ असं लिहायचा.

समिती पाहणीला येणार असं कळलं तेव्हा त्याने नियम पुन्हा वाचले. कुटुंब म्हणजे काय, तर एक चूल. माणसांचा उल्लेख कुठेच नव्हता. तगोबाने आणखी अकरा शेगड्या आणल्या आणि मावशींच्या घरात जागा मिळेल तिथे मांडल्या. एक जिन्याखाली, एक न्हाणीत, एक पलंगापलीकडे. मावशींनी कमरेला पदर खोचून कुठे दूध ठेवलं, कुठे बटाटे, कुठे अंघोळीचं पाणी. बाराही कुटुंबं गुण्यागोविंदाने नांदू लागली. (त्यांच्यात एकदाही भांडण झालं नाही. सामाजिक सलोख्याचे गुण वेगळे मिळतात.)

समिती आली. प्रत्येक कुटुंबाकडे चहा घेणं सभ्यतेचं होतं, त्यामुळे पाहणी जरा लांबली.

“इथल्या बायका दिसायला फार सारख्या आहेत,” न्हाणीतल्या कुटुंबाकडे चहा घेताना अध्यक्षबाई म्हणाल्या.

“नात्यातल्या आहेत,” तगोबा म्हणाला.

तेवढ्यात भरती आत आली. आधी पलंगापलीकडचं कुटुंब विझलं, मग जिन्याखालचं. समितीने परिस्थितीचा सर्वांगीण विचार केला आणि ती टेकडीच्या दिशेने पळत सुटली. पोटरीभर पाण्यात मावशी शेवटच्या शेगडीवरचं दूध सांभाळत उभ्या होत्या.

“हे उतू जाईपर्यंत थांबायचं, की तू झालास डॉक्टर?”

तगोबाला फार लाज वाटली. त्याने शेगडी बंद केली, मावशींची ट्रंक डोक्यावर घेतली, त्यांचा हात घट्ट धरला आणि टेकडी चढू लागला. आता आईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

वर सुताराच्या अंगणात समिती ओल्या मोज्यांनी बसली होती. आजूबाजूला सगळी जुनी वस्ती जमलेली.

“हा किनारी समुदायच ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“हो. पण आता टेकडीवर.”

“किनारी समुदाय जिथे राहतो त्याला किनारा म्हणतात,” असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे व्याख्या सुधारली. शिष्यवृत्ती वाचली. मावशींना लेकीची खोली मिळाली. सुतार मात्र पुन्हा किनाऱ्यावर आला, आणि तेही कपाट न हलवता.

नव्या व्याख्येनुसार किनारा बराच आतपर्यंत गेला असून त्यात आपलंही घर येतं. तगोबा लवकरच प्रश्नावली घेऊन येईल. प्राथमिक निरीक्षण झालेलं आहे. पाणी घरात शिरल्याची सगळी हकीकत वाचतानाही आपण बसल्या जागेवरून हलला नाहीत, आणि समितीने आपल्या नावापुढे ‘तग: उत्कृष्ट’ असा शेरा मारला आहे.