घरातला कौल

वेधशाळेतला टंकलेखक "दिवसभर आकाश निरभ्र राहील" हे वाक्य टंकून संपवत होता, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे छपराचे मिस्त्री होते आणि मिस्त्रींच्याही पलीकडे वारा होता.

"साहेब, ठरलं का काही? कौल की पत्रा?"

टेकडीवरच्या त्या गावात आभाळाला स्वभाव असा नव्हताच. सकाळी धुके, मग रणरणते ऊन, दुपारी गारा आणि संध्याकाळी, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याचा निळा प्रकाश. या लहरी सोसून टंकलेखकाच्या घराची कौले इतकी झिजली होती, की आभाळ थेंबाथेंबाने आत उतरत असे आणि बादल्यांमध्ये रात्रभर स्वतःशीच बोलत बसे. छप्पर बदलायचे यावर घरात एकमत होते. कशाने, यावर मात्र युद्ध जुंपले होते.

"पत्रा," त्याची बायको म्हणायची. "एकदा ठोकला की सुटलो. दर वादळात घसरणारी कौलं आणि माझ्या हातातल्या बादल्या, पुरे झालं आता."

"पत्र्याखाली मी राहणार नाही," तिचे सासरे, गावाचे आजोबा, म्हणायचे. "गारा पडल्या की डोक्यावर कोणीतरी टायपिंग करतंय असं वाटतं. एका घरात एक टंकलेखक पुष्कळ झाला." आणि हे नुसते बोलणे नव्हते. त्यांनी लोखंडी ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली होती. पत्रा चढला, की ते कायमचे धाकट्या मुलाकडे जाणार होते.

एकीकडे बायको, दुसरीकडे वडील. अशा माणसाने जे करावे, तेच टंकलेखकाने केले. निर्णय सर्वांवर ढकलला.

"असं करू मिस्त्री, आधी घरात कौल घेऊ. ते झालं, की मग वरचं बघू."

टंकलेखकाच्या शब्दकोशात कौल म्हणजे मत. मिस्त्रींच्या कोशात कौल एकच होते, भाजक्या मातीचे.

"घरात?" मिस्त्रींनी खात्री करून घेतली. "आजच?"

"आजच. उगाच लांबण नको."

"आजोबांची काही हरकत?"

"हरकत कसली! ते तर वाटच बघतायत."

"आणि हवा कशी राहील, साहेब?"

"निरभ्र," टंकलेखक अधिकारवाणीने म्हणाला.

बायको बाहेर गेली होती. मिस्त्री माणसे घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा घरी एकटे आजोबा होते.

"साहेब म्हणाले, कौल घरात घ्या."

"कौल म्हणाला? पत्रा नाही?" आजोबांच्या डोळ्यांत पाणी तरळले. "शेवटी माझ्या वळणावर गेला पोरगा! या, या. कुठं ठेवताय?"

बायको परतली तेव्हा अर्धे छप्पर खाली आले होते. सोफ्यावर कौले बसली होती, पलंगावर पहुडली होती, न्हाणीघरात बादल्यांशेजारी दाटीवाटीने उभी होती. वर, उघड्या वाशांच्या चौकटींत, आभाळाचे निळे तुकडे एखाद्या अर्धवट सोडवलेल्या कोड्यासारखे दिसत होते.

"अहो मिस्त्री, हे काय चाललंय?"

"साहेबांचा हुकूम, वहिनी."

तिने एकदा वर पाहिले, एकदा सासऱ्यांच्या विजयी मुद्रेकडे आणि एकदा दाराशी ठेवलेल्या ट्रंकेकडे. मग पदर खोचला. "आता एवढं उतरवलंच आहे, तर निदान नीट रचा. सरका, मी सांगते कुठं ते."

बाकीचे काम तिच्या देखरेखीखाली झाले. मगच तिने नवऱ्याला फोन लावला. ती काय बोलली ते शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेले. टंकलेखक धावत घरी पोचला. त्याने सवयीने दार उघडले, पायपुसण्यावर पाय पुसले, आत आला आणि तरीही बाहेरच राहिला.

"मी मतं घ्यायची म्हणत होतो! मतं!"

"मग मतं म्हणायचं ना साहेब," मिस्त्री दुखावून म्हणाले. "माझ्या धंद्यात कौल घ्या म्हटलं की दोन्ही हातांनी घेतात."

तेवढ्यात टेकडीमागून एक जांभळा ढग वर आला.

"ताडपत्री!" टंकलेखक ओरडला. "ताडपत्री टाका वर!"

"ती खाली आहे."

"मग वर घ्या!"

"खाली म्हणजे कौलांच्या खाली. तुमच्या फरशीला चरे पडू नयेत म्हणून आधी तीच अंथरली."

पहिली गार मिस्त्रींच्या चहाच्या कपात पडली. दुसरी टंकलेखकाच्या टकलावर. मग मोजदाद संपली. हाताला येईल ते जो तो डोक्यावर धरू लागला. आजोबांनी आणि मिस्त्रींनी कौले उचलली. टंकलेखकाने उशी घेतली, ती तत्काळ भिजली, म्हणून त्यानेही कौल घेतले. बायकोने मात्र तत्त्वाला जागून पत्र्याची बादली डोक्यावर पालथी घातली.

ठण्! ठणठण! ठणाठण!

"सूनबाई, कसं वाटतंय पत्र्याखाली?" आजोबांनी विचारले.

"काय?"

"कसं वाटतंय म्हटलं!"

"काय म्हणताय? ऐकू येत नाही!"

गारांची सर वाढली. शेवटी तिने कानात घंटा वाजत असल्यासारखा चेहरा करून बादली भिरकावली आणि सोफ्यावरचे एक कौल उचलून डोक्यावर धरले. एकाएकी सगळे मऊ झाले. गारा भाजक्या मातीवर टप टप पडत होत्या, कुणीतरी दूरवर हलक्या पावलांनी चालत असावे तशा.

टंकलेखकाने ही संधी साधली. "आता घेऊनच टाकू. कौलं ज्यांना हवीत, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचेच हात वर होते.

"मी विरोधात आहे!" बायको म्हणाली.

"मग हात खाली घे."

तिने वर पाहिले. हात वरच राहिला. मग तीच आधी हसली. पाठोपाठ आजोबा, आणि मग मिस्त्री असे हसले, की त्यांच्या डोक्यावरचे कौल गडगडले.

गारा आल्या तशाच गेल्या. नवी कौले उद्याच आणायचे ठरले. निळ्या उजेडात भिजलेले घर वाफाळू लागले आणि आजोबांना थंडी वाजली.

"माझी ट्रंक कुठंय? स्वेटर आहे त्यात."

दाराशी कौलांचा छातीइतका उंच ढीग होता. त्याच्या तळाशी ट्रंकेची एक कडी तेवढी दिसत होती.

"इथं कोणी रचलं हे?"

"वहिनींनी," मिस्त्री म्हणाले. "मी म्हटलं, तो कोपरा मोकळा आहे. तर म्हणाल्या, नाही, ट्रंकेवरच. आणि जड जड बघून."

सगळ्यांनी मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिले. बायको सोफ्यावरच्या गारा वेचू लागली.

"दुसरीकडं जागा नव्हती," ती म्हणाली.

आजोबांनी मुलाचा कोट अंगात चढवला. बाह्या लांब होत्या, त्या त्यांनी सावकाश दुमडल्या.

"असू दे, मिस्त्री," ते म्हणाले. "हा ढीग मात्र सगळ्यात शेवटी हलवा."