एका घरी एकच घास

बापू पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होते. तेवढ्यात त्यांच्या सुनेने, क्षिप्राने, हातातला फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"बापू, हे बघा. श्रेयसने पाठवलंय."

श्रेयस म्हणजे बापूंचा मुलगा. तो प्रवासी जहाजावर नोकरीला होता. जहाज कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर थांबलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी त्याने तिथे पायी खाद्यफेरी केली होती. व्हिडिओत लाल छत्री घेतलेली एक बाई पुढे चालत होती आणि तिच्यामागे पंधरा-वीस माणसं. बाई एखाद्या घरापाशी थांबे, दोन वाक्यं बोले, प्रत्येकाला तळलेल्या केळ्याचा एकेक तुकडा मिळे, की फेरी पुढच्या घराकडे.

"नारळ, केळी, मासे, समुद्र," क्षिप्रा म्हणाली. "आपल्याकडे नाही असं काय आहे हो तिथे?"

"छत्री," बापू म्हणाले.

क्षिप्राला मात्र हसू आलं नाही. चक्रीवादळात वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्यावर तिने घरामागे चार खोल्या काढून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. पण दिवेआगरात दर तिसऱ्या घरी पाहुण्यांच्या खोल्या. तिच्या खोल्या बऱ्याचदा रिकाम्याच असायच्या. पुण्याची क्रांती नावाची एक मुलगी सहली काढायची. ती म्हणाली होती, "वेगळं काहीतरी दाखवा. आवडलं तर दर शनिवारी आठ जण पाठवते." नाही आवडलं, तर किहीमचं एक घर तिच्या यादीत तयारच होतं.

"चार घरं, चार पदार्थ," क्षिप्रा म्हणाली. "मी नेते फेरी."

"तू कशाला? मी नेतो," बापू म्हणाले.

क्षिप्रा जरा चाचरली. "बापू, त्यात बोलायचं थोडंच असतं हं. दोनच वाक्यं."

"चौतीस वर्षं चौथीचा वर्ग घेतलाय मी. मला दोन वाक्यांत बोलता येत नाही का?"

आतून अनुसूयाबाईंनी, म्हणजे बापूंच्या पत्नीने, उत्तरादाखल एक भांडं जरा जोरात ठेवलं.

बापूंनी तयारी नेटाने केली. कृष्णाबाईंकडे घावन आणि नारळाचा रस, सदाकडे दडपे पोहे, काशीकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, शेवटी स्वतःच्या घरी उकडीचे मोदक. प्रत्येक घरी जाऊन त्यांनी नियम समजावला. "एका घरी एकच घास." मुलांना नुसता नियम सांगून भागत नाही, कारणही सांगावं लागतं, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून कारणही सांगितलं. "बाकीच्या घरीसुद्धा घासभरच मिळणार आहे. आपण पोट भरायचं नाही, चव द्यायची." मग प्रत्येकाकडून ते वदवून घेतलं. सगळ्यांनी बिनचूक म्हणून दाखवलं.

शनिवारी क्रांती सात पाहुण्यांना घेऊन आली. दोन वाजता त्यांची गाडी निघणार होती. बापूंच्या काळ्या छत्रीला क्षिप्राने लाल फीत बांधून दिली. बापूंनी आधी हजेरी घेतली, मग तीन नियम सांगितले. "रांग मोडायची नाही. छत्रीच्या पुढे जायचं नाही. आणि पानात टाकायचं नाही. कळलं त्यांनी हात वर करा." आठ हात वर झाले. बापूंना फार बरं वाटलं.

कृष्णाबाईंच्या ओटीवर आठ ताटं मांडली होती. प्रत्येकात चार घावन आणि शेजारी रसाची वाटी काठोकाठ.

"कृष्णाबाई," बापू हळूच म्हणाले, "एक घास ठरला होता."

"ठरला होता की. पण गुरुजी, तुम्हीच म्हणालात, बाकी सगळीकडे घासभरच मिळणार. मग बिचाऱ्यांचं पोट कुठे भरायचं? म्हटलं, निदान आपल्याकडून तरी उपाशी नकोत जायला. आणि हे तुमचं ताट."

"मला नको. मी वाटाड्या आहे."

"तुम्हीच खाल्लं नाहीत तर पाहुण्यांना वाटेल, घावनात काहीतरी पडलंय!"

बापूंनी चार घावन खाल्ले. खाताखाता तांदूळ किती वेळ भिजवायचा, तवा बिडाचाच का, हेही सांगितलं. दोन वाक्यांचा हिशेब तिथेच चुकला.

सदा हा बापूंचा जुना विद्यार्थी. त्याच्या अंगणात परातभर दडपे पोहे आणि ओळीने शहाळी. बापूंनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. तुम्ही सांगितलंत ना, बाकीच्यांकडे घासच आहे म्हणून? आमची ही म्हणाली, मग आपण तरी नीट खायला घालूया."

तेव्हा बापूंच्या ध्यानात आलं. हा धडा त्यांनीच घरोघरी जाऊन शिकवला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळा वर्ग एकदम पास झाला होता.

सदाकडून निघताना रांग लांबली. क्रांतीने घड्याळ पाहिलं. एक जाडजूड पाहुणा म्हणाला, "काका, इथे रिक्षा मिळेल का?"

"ही पायी फेरी आहे," बापू म्हणाले. त्यांना स्वतःलाही रिक्षा चालली असती. पण चाललं की पचतं, असं त्यांनी किती पिढ्यांना शिकवलेलं. म्हणून त्यांनी सरळ रस्ता सोडून फेरी समुद्रावरून नेली. वाळूत पाय रुतत होते, डोक्यावर ऊन होतं आणि बापू सुरूच्या झाडांची माहिती सांगत होते. पचन झालं की नाही ठाऊक नाही, पण काशीच्या घरी पोचायला एक वाजला.

काशीने पडवीत केळीची पानं मांडून ठेवली होती, बसायला पाट होते.

"काशी, घास गं, घास!" बापू काकुळतीला आले.

"गुर्जी, आलात कवा ते बघा. जेवायची येळ हाय का न्हाय? ह्या येळेला दारात आलेल्या माणसाला घास देऊ? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या. बसा."

सगळे बसले. पानात दोन-दोन भाकऱ्या आणि बिरड्याचा ढीग पडला. पाहुणे पानाकडे आणि पान पाहुण्यांकडे बघत राहिलं. आता दोन शब्द बोलून वेळ मारून न्यावी, असं बापूंना वाटलं. बिरडं हा तर त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. आणि जिव्हाळ्याच्या विषयावर बोलताना बापू डोळे मिटून घेत. चौतीस वर्षं त्यांच्या वर्गाने ह्या सवयीचा पुरेपूर फायदा घेतला होता.

"कडवे वाल आधी भिजवायचे," डोळे मिटून बापूंनी सुरुवात केली. "मग फडक्यात बांधायचे. घाई करायची नाही. मोड आपल्या वेळेनेच येतात..."

मोड पुरते येऊन, वाल सोलून, फोडणीला पडल्यावर त्यांनी डोळे उघडले. आठही जणांची पानं लखलखीत होती. बापूंच्या पानात मात्र भाकऱ्यांची चळत आणि बिरड्याचा डोंगर उभा होता.

क्रांती अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, पानात टाकायचं नाही ना?"

मागून दोघांनी हात वर केले.

नियम स्वतःचा होता. बापू जेवले. किती जेवले ते काशीनेही मोजलं नाही. मग खांबाला टेकून त्यांनी छत्री उंचावली. "आता आपला शेवटचा थांबा..." एवढं म्हणाले आणि छत्रीसकट घोरू लागले.

क्रांतीने क्षिप्राला फोन केला. "अहो, तुमचे गाईड झोपले. दीड वाजलाय. आम्ही थेट निघू का?"

क्षिप्रा धावतच आली. तिने बापूंच्या हातातून छत्री सोडवली, पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे आमचे बापू. ही आमची वामकुक्षी. चला."

पाहुणे खळखळून हसले आणि सकाळपासून पहिल्यांदाच भराभर चालले.

तरी घराच्या पायरीवर सगळ्यांचे पाय अडखळले. आता इथे काय वाढून ठेवलंय, ही धास्ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. अनुसूयाबाई बाहेर आल्या. प्रत्येकाच्या हातावर हळदीच्या पानाचा तुकडा, त्यावर एक मोदक, वर तुपाची धार. तो संपला. जाडजूड पाहुण्याने बोटं चाटली. "आजी, अजून एक?"

"संपले. एकेकच केलाय. ह्यांच्या वाटणीचा एक आहे, तो घे." तोही गेला.

"बघा, असं पाहिजे," क्रांती क्षिप्राला म्हणाली. "माणूस अजून मागतो, तिथे संपवायचं."

क्षिप्राने सासूच्या कानाशी लागून म्हटलं, "आई, तुम्ही एकट्यांनीच बापूंचं ऐकलंत."

"ह्यांचं कशाला ऐकू? ह्यांनी घरोघर जाऊन समजावलंय म्हटल्यावर कुणी ऐकणार नाही, हे मला ठाऊक होतं. पोरं तट्ट पोटाने येणार. म्हणून एकेकच केला."

बापू जागे झाले तेव्हा चार वाजले होते. अंगावर काशीची गोधडी होती, हातात छत्री नव्हती.

"फेरी कवाच गेली, गुर्जी," काशी म्हणाली. "च्या टाकू?"

बापू मान खाली घालून घरी आले. सुनेचं एवढं मोठं काम आपण घालवलं, आता तिला काय तोंड दाखवायचं, ह्याच विचारात पायरी चढले. क्षिप्रा दारातच उभी होती.

"बापू, दर शनिवारचं ठरलं! फक्त क्रांतीची एक अट आहे."

"मी फेरी न्यायची नाही, हेच ना? रास्त आहे."

"ते तर आहेच. पण तिसऱ्या थांब्यावर तुम्ही झोपलेले हवे आहात. तिने यादीत लिहिलंय, 'बिरडं, भाकरी आणि अस्सल वामकुक्षी.' लोकांना तेच जास्त आवडलं म्हणे."

"चौतीस वर्षं मुलांना जागं ठेवलं," बापू म्हणाले, "आणि आता माझी झोप बघायला माणसं येणार!" पण क्षिप्राचा चेहरा इतका फुलला होता, की त्यांनी पुढच्या शनिवारसाठी उशी मऊ हवी, एवढंच सुचवलं.

पुढच्या शनिवारी बापू काशीच्या पडवीत उशीवर डोकं ठेवून, डोळे मिटून आडवे झाले. पाहुणे चवड्यांवर आले, फोटो काढले. क्षिप्राने छत्री वर केली आणि आपली दोन वाक्यं म्हटली.

"हे वालाचं बिरडं. वाल रात्री भिजवायचे आणि सकाळी सोलून फोडणीला टाकायचे."

मग उशीवरून, डोळे न उघडताच, आवाज आला.

"आणि मोड? मोड कधी आणायचे? कोण सांगेल?"

क्षिप्राने घड्याळ पाहिलं आणि छत्री मिटली. मागे उभ्या असलेल्या एका पाहुण्याने नकळत हात वर केला. काशीने तव्यावर आणखी एक भाकरी टाकली.