इंगेबोर्ग तळ्याकाठी एक दुकान हवं आहे

ज्या वस्तीला तळं असतं तिला आणखी कशाची गरज नसते, असं तळं नसलेल्या लोकांचं ठाम मत असतं. इंगेबोर्ग तळ्याकाठच्या रहिवाशांनाही ते मान्य होतं, फक्त त्यांना तळ्याखेरीज एक दुकान हवं होतं. तळं बघून झाल्यावर माणूस घरात येतो, फ्रीज उघडतो, आणि आत तळं नसतं.

मिनेसोटातल्या या वस्तीत घरं देखणी, माणसं सभ्य आणि सर्वांत जवळचा किराणा अकरा मैलांवर. त्यामुळे पाण्याकाठची बोटदुरुस्तीची जुनी शेड पाडून तिथे खाली दुकानाचा गाळा असलेली छोटी इमारत उभी राहणार हे कळलं, तेव्हा वस्तीत आनंदीआनंद झाला. (इथे आनंदीआनंद झाला की लोक 'वाईट नाही' असं म्हणतात.) रहिवासी मंडळाने ताबडतोब मतचाचणी घेतली. दहातल्या नऊ घरांना बेकरी हवी होती. यांतल्या बहुतेकांनी गव्हाचे पदार्थ डॉक्टरांच्या किंवा मेव्हणीच्या सल्ल्यावरून सोडले होते. पण पाव खायचा नसला तरी तो जवळपास कुठेतरी भाजला जावा, ही इच्छा रास्तच म्हणायला हवी. पुस्तकांचं दुकान दुसरं आलं. दूध मागणारं घर एकच निघालं. ते मार्लिस टोलेफस्रुडचं.

मार्लिस शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली बाई. सत्तरी मागे पडलेली, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. मागच्या पानगळीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला समोरची पाटी वाचायला सांगितली, तेव्हा तिने प्रामाणिकपणे 'कुठली पाटी' असं विचारलं. त्यानंतर तिने गाडी चालवण्याचा परवाना आपण होऊन परत केला आणि सरकारने तो आभारपूर्वक ठेवून घेतला.

तेव्हापासून दर शनिवारी शेजारचा ड्वेन स्कोगन तिला किराणा आणायला नेई. ड्वेन सोन्यासारखा माणूस. जाताना तो डाव्या गुडघ्याबद्दल बोले, येताना उजव्या. मार्लिस दोन्ही गुडघ्यांची चौकशी करी आणि उतरताना आभार मानी. एक वर्षभर आभार मानून मानून ते ताकाच्या निवळीइतके पातळ झाले होते. आठवड्याच्या मध्येच दूध संपलं तर ती कोरी कॉफी पिई आणि कुणाला सांगत नसे. कारण ड्वेनला कळलं असतं तर तो हातातलं काम टाकून धावला असता, आणि मग पुन्हा आभार आले. तिची आशा एवढीच होती की दूध संपलंय हे जगात कुणालाही न कळवता उठावं, कोट चढवावा आणि दूध घेऊन यावं.

मतचाचणीत हे लिहायला जागा नव्हती. तिने नुसतं 'दूध' लिहिलं.

इमारत पुरी होत आली तेव्हा गाळा बघायला पा कू शाँग नावाची बाई आली. पा कू आग्नेय आशियातून आलेल्या मोंग समाजातली, सेंट पॉल शहरात भावाच्या किराणा दुकानात अर्धं आयुष्य उभं राहून काढलेली, आणि आता स्वतःचं दुकान टाकायच्या खटपटीत. मार्लिसचं घर गाळ्याला लागूनच होतं. कुंपणापाशी ओळख झाली, मार्लिसने तिला आत बोलावून कॉफी दिली. कोरीच दिली, आणि मला अशीच आवडते म्हणाली.

पा कूने सांगितलं, दूध, अंडी, पाव, भाजीपाला ठेवीन, दुपारी गरम एगरोल तळीन. थंडीत तुम्हाला घसरायची भीती वाटली तर फोन करा, मी दारात आणून देईन.

"नको," मार्लिस म्हणाली. "मी स्वतः येईन."

पा कूने तिच्याकडे नीट बघितलं आणि ती हसली. "बरं. मग मी तुमच्यासाठी काही करणार नाही."

कित्येक महिन्यांत मार्लिसशी इतकं आपुलकीने कुणी बोललं नव्हतं.

गाळा कुणाला द्यायचा यावर रहिवाशांचं मत घेण्याची बिल्डर कंपनीला अट होती. सभा चर्चच्या तळघरात भरली. कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या, आणि पा कूने स्वतः केलेल्या एगरोलचं भलंमोठं ताट आणलं होतं. सभा सुरू होण्याआधीच ते निम्मं झालं.

अध्यक्षस्थानी कर्टिस हॅमरबर्ग होते. आयुष्यभर लोकांचे दात काढल्यामुळे हळुवारपणे दुखवण्याची कला त्यांच्या हाती होती. त्यांनी आरंभीच जाहीर केलं की दुकानाला विरोध असलेली एकही व्यक्ती या वस्तीत नाही. ते खरंच होतं. पुढचे दोन तास एकाही माणसाने विरोध केला नाही. प्रत्येकाने पाठिंबाच दिला आणि पाठिंब्याला जोडून एकेक बारीकशी गोष्ट सुचवली.

पाटी असावी, पण तळ्यावरून दिसू नये. दिवे असावेत, पण लागू नयेत. गिऱ्हाईक यावं, मात्र गाडीने येऊ नये (सुचवणारे गृहस्थ स्वतः सभेला गाडीने आले होते, अंतर चालत तीन मिनिटांचं). शाळेतली मुलं आली तर स्वागतच आहे, त्यांनी फक्त थांबू नये. कर्टिस यांनी एगरोलची तोंडभरून स्तुती केली. तोंड खरोखरच भरलेलं होतं. मग ते म्हणाले, तळणाचा वास मात्र, म्हणजे तो जरा वेगळा आहे. इथे एखादी गोष्ट 'वेगळी' म्हटली की तिच्यावर माती लोटण्यापुरतंच काम उरतं.

पा कूने एकेक गोष्ट मान्य केली. पाटी लहान करीन. दिवा लवकर मालवीन. तळण बंद ठेवीन, एगरोल घरून करून आणीन. दर होकाराला लोकांचे चेहरे थोडे उतरत गेले, कारण इतकं मान्य करणाऱ्या माणसाचं पुढे काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मार्लिस उठली. ती सुरेख बोलली. ज्या वस्तीत म्हाताऱ्या माणसाला चालत जाऊन दूध आणता येत नाही ती वस्ती नव्हे, ते कॅलेंडरवरचं चित्र आहे, असं म्हणाली. दोघीतिघींनी डोळे पुसले. पा कू मान खाली घालून ऐकत होती. इथे मार्लिसने खाली बसायला हवं होतं.

"फक्त एक बारीकशी गोष्ट," ती म्हणाली. "माल आणणारी गाडी मागे घेताना पिंपिं करते ना, ती जागा नेमकी माझ्या झोपायच्या खोलीखाली येते. ती नऊनंतर आली तर बरं होईल."

पा कूने मान वर केली. "दूध पहाटे येतं, मार्लिसबाई. त्यांची फेरी ठरलेली असते. फक्त माझ्या एकटीसाठी ते इतक्या लांब दुसरी गाडी नाही पाठवणार."



"बाकीच्या सगळ्यांना मी हो म्हटलं," पा कू म्हणाली. "हे माझ्या हातात नाही. तुम्ही म्हणाल तसं."

येऊ दे पहाटे, एवढे तीन शब्द होते. मार्लिसच्या जिभेवर ते आलेही. पण सबंध तळघर तिच्याकडे बघत होतं, आणि आपण मागितलेलं पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या गांभीर्याने घेतंय, असं तिला वाटून गेलं. आभार न मानता काही मागायची तिची सवय मोडली होती, हेही असेल.

"माझी झोप फार सावध आहे," ती म्हणाली.

पा कूने सर्वांचे आभार मानले आणि ताट उचललं. ताट रिकामं होतं.

त्यानंतर मंडळाने सर्व सूचनांचा एकत्रित विचार करून गाळ्यासाठी योग्य धंदा शोधला. वास तळणाचा नको, गाडी नको, गर्दी नको, दिवे नकोत, थांबणारी मुलं नकोत. काटेकोर निवड झाल्यावर सुवासिक मेणबत्त्यांचं दुकान उरलं. उद्घाटनाला कर्टिस यांनी फीत कापली आणि स्थानिकांच्या इच्छेचा मान राखला गेल्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

मार्लिस पहिल्याच आठवड्यात कोट चढवून गेली. एकटी, चालत. दार ढकललं तो आत ताज्या पावाचा वास. तोंडाला पाणी सुटलं, क्षणभर तिला वाटलं, आपल्या नजरेलाच काहीतरी दिसायचं राहिलंय. मग काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की ती 'पहाटेची बेकरी' नावाची मेणबत्ती आहे, सगळ्यांत जास्त खपणारी.

"दूध आहे का?" मार्लिसने विचारलं. आपण का विचारलं ते तिला कळलं नाही.

"आहे ना," मुलगी उत्साहाने म्हणाली आणि तिने पांढरी बरणी पुढे केली. "'कोमट दूध'. रात्री उशाशी लावली की झोप छान लागते."

मुलगी इतकी गोड होती की नाही म्हणवेना. मार्लिसने बरणी घेतली आणि आभार मानले.

शनिवारी ड्वेनच्या गाडीत बसल्यावर तो डाव्या गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत ती म्हणाली, "त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं, ड्वेन."

ड्वेनने गाडी सुरू केली.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझ्यामागून मीच उठणार होतो. त्या गाडीचे दिवे थेट माझ्या स्वयंपाकघरात पडले असते. तू आधी बोललीस, म्हणून मी चांगला राहिलो."

मग तो गुडघ्याकडे वळला. मार्लिस खिडकीतून तळ्याकडे बघत होती. तिला ते आता एक उजळ डागच दिसे. तरी ते सुंदर होतं, यात वाद नाही.

पुढच्या महिन्यात शेजारच्या मोकळ्या जागेवर औषधांचं दुकान येणार असल्याची सूचना लागली आहे. वस्तीत आनंदीआनंद आहे आणि सभेची तारीख ठरली आहे.

ज्यांच्या घराखाली पिठाची गिरणी आहे, आणि जे तिच्या घरघरीत दुपारी सुखाने झोपतात, त्यांनी मार्लिसला खुशाल हसावं. बाकीच्यांनाही हसायला मंडळाची हरकत नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट: आवाज नऊनंतर.